साठवलेल्या उत्तरांतून धोक्याचा माग

सायबर सिक्युरिटीत करिअर म्हणजे दिवसभर नेमकं करायचं काय, हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून मी २००५ सालचं एक काम सांगतो.

सोनी बीएमजी या कंपनीच्या गाण्यांच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर गुपचूप बसायचं आणि विंडोजपासून स्वतःला लपवायचं. मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला ते उघडकीला आणलं. पण ते पसरलंय किती? ते मोजायची युक्ती डॅन कमिन्स्की या अमेरिकी तज्ज्ञाला सुचली.

ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या ठरावीक नावांशी संपर्क साधत असे. कुठल्याही नावाचा आकडी पत्ता कॉम्प्युटर डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर ते उत्तर ठरलेल्या मुदतीपुरतं स्वतःजवळ साठवतो. ही साठवण म्हणजे कॅश. कमिन्स्कीने जगभरच्या सर्व्हरांना विचारलं: या नावाचं उत्तर तुझ्याजवळ आहे का? नसेल तर दुसरीकडे विचारायला जाऊ नकोस. उत्तर मिळालं, तर त्या नेटवर्कमधून कुणीतरी नुकतंच ते नाव विचारलंय, हे उघड. किमान ५,६८,२०० सर्व्हरांकडे अशा खुणा सापडल्या, आणि एकाही माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरावं लागलं नाही.

मला यातली खरी हुशारी आकड्यात दिसत नाही, ती आकड्याची मर्यादा ओळखण्यात दिसते. एका कॉम्प्युटरने विचारलं काय नि हजारांनी विचारलं काय, कॅशमध्ये उत्तर एकच राहतं. म्हणून हा आकडा सर्व्हरांचा, बाधित कॉम्प्युटरांचा नव्हे. मात्र मुदत किती उरलीय हे पाहिलं, की उत्तर कधी साठवलं गेलं ते कळतं. पुन्हापुन्हा तपासलं, तर त्या नावाला किती मागणी आहे याचाही अंदाज बांधता येतो. इथे संख्याशास्त्र लागतं. ज्या मुलांना गणित आवडतं, पण दिवसभर कोड लिहायचा कंटाळा येतो, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता बहुतेक सर्व्हर बाहेरच्यांना कॅशमधली उत्तरं देत नाहीत. त्यामुळे हेच काम संस्थेच्या आत, डीएनएसच्या नोंदी वाचून चालतं. हिशेब विभागातला एखादा कॉम्प्युटर रात्री तीन वाजता दर पाच मिनिटांनी एकच अनोळखी नाव का विचारतोय? बँका, टेलिकॉम कंपन्या आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत अशा प्रश्नांमागे लागणारी माणसं असतात. सुरुवातीची नोकरी बहुधा एसओसी (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारा विभाग) अॅनालिस्टची, आणि तीत रात्रपाळी असते. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

वाट एकच नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक, बारावीनंतर इंजिनिअरिंग, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए, सगळ्या चालतात. पदवीनंतर सी-डॅकचा नेटवर्क आणि सुरक्षेवरचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर’ अशा जाहिरातीवर लाखभर रुपये घालू नका. नेटवर्किंग, लिनक्स आणि थोडं पायथन कच्चं असेल तर अशा क्लासचं प्रमाणपत्र मुलाखतीत टिकत नाही.

विद्यार्थ्यांना एक बजावून सांगतो: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर प्रयोग करायचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तसा गुन्हा नावावर असलेल्याला या क्षेत्रात कोण उभं करील?

सरावाला घर पुरेसं आहे. डीएनएसला प्रश्न विचारणारं डिग आणि नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. पालकांनो, क्लासची फी भरण्याआधी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलाला लिनक्स टाकू द्या, आणि आपलंच घर दिवसभरात कुठली नावं विचारतं याची यादी त्याला करायला सांगा. महिन्याभराने त्याला त्या यादीत अजून गोडी वाटत असेल, तर खुशाल या क्षेत्रात पाठवा.