नागरी आरोग्यसेवा आणि नोंदींचे संगणकीकरण

नागरी आरोग्याचा विचार करताना दवाखान्यांची संख्या प्रथम डोळ्यांपुढे येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारणतः ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष ठरविण्यात आला. परंतु शहरातील श्रमजीवी माणूस एका वस्तीत स्थिर नसतो. भिवंडीच्या यंत्रमागावरचा कामगार काही महिन्यांतच सुरतेस जातो आणि त्याच्या आजाराची नोंद मात्र जुन्या केंद्राच्या वहीतच राहते.

क्षयरोगाच्या बाबतीत ही उणीव घातक ठरते. साध्या क्षयाचा उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा. पहिल्या एकदोन महिन्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, रुग्णास बरे वाटू लागते. नेमके तेव्हाच औषध सुटले तर उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. मग पुढील उपचार अधिक खर्चाचा व अधिक कष्टाचा होतो. २०१२ साली क्षयरोगाची नोंद शासनाकडे करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदप्रणाली कार्यान्वित झाली. तीत प्रत्येक रुग्णास स्वतंत्र क्रमांक मिळतो. रुग्णाने स्थलांतर केल्यास त्याची नोंद नव्या ठिकाणच्या केंद्राकडे वर्ग करता येते. उपचार कोठवर आला, हे तेथील कर्मचाऱ्यांस कळते. पोषणासाठीचे साहाय्यही याच नोंदीच्या आधारे बँक खात्यात जमा होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा १,००० रुपये करण्यात आले.

अर्थात संगणक आला म्हणजे काम हलके झाले, असे नव्हे. तीच माहिती परिचारिकेने आधी वहीत व मग यंत्रात भरावयाची असेल, तर तेवढा वेळ रुग्णांच्या वाट्यातूनच जाणार. वही ठेवावी की यंत्र, याचा निर्णय वरिष्ठांनीच घ्यावयास हवा.

२०२१ मध्ये राष्ट्रव्यापी झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे व रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे कागद इतरांस दिसू नयेत, असा संकेत आहे. मात्र संमतीसाठीचा सांकेतिक अंक मोबाईलवर येतो. घरातील एकुलता मोबाईल पतीबरोबर कामावर गेला असेल, तर पत्नीची संमती कोणाच्या हाती राहिली?

होळी-दिवाळीस शहरातून अनेक कुटुंबे गावी परततात. त्यांत कोणी क्षयाचा उपचार घेत असल्यास निक्षय क्रमांकाचे उपचारपत्र बरोबर आणले आहे काय, याची ग्रामपंचायत सदस्यांनी आपुलकीने, चारचौघांत नव्हे, चौकशी करावी. त्या क्रमांकावरून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रास उपचार पुढे चालू ठेवता येतो.