इंजिन बदललेली जीप आणि लांबचा प्रवास

स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे दीर्घकाळ या गाड्यांना सुमारे २.२ लिटर धारणेचे पेट्रोल इंजिन असे. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्यानंतर पेट्रोल परवडेनासे झाले आणि अनेक जुन्या जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसविण्यात आली. इंजिन बसले आणि चालू झाले म्हणजे काम संपले, असा समज आढळतो. वस्तुतः गाडीचे इतर भाग मूळ इंजिनाच्या हिशेबाने घडविलेले असतात. नव्या इंजिनाशी त्यांचा मेळ घालणे हेच खरे काम होय.

बंगळूरच्या मल्लेश्वरममधून निघून हासन, सकलेशपूर आणि शिराडी घाटमार्गे मंगळूरला जाणारी अशी एक जीप उदाहरणादाखल घेऊ.

पहिला प्रश्न वेगाचा. जुन्या जीपच्या आसाचे गियर-प्रमाण ५.३८ असते, म्हणजे वरच्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ५.३८ फेरे होतात. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटास सुमारे २,४५० फेरे घेते, तर ८० ला सुमारे ३,२५०. इंजिनाची मर्यादा ३,००० फेऱ्यांची असेल तर सत्तरीच्या पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. प्रमाण बदलावयाचेच झाल्यास पुढच्या व मागच्या दोन्ही आसांचे सारखेच बदलावे. अन्यथा चारही चाके जोडताच गियरपेटीवर व आसांवर घातक ताण येतो.

दुसरा प्रश्न हवेचा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथील हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. इंधन तेवढेच आणि हवा कमी, म्हणजे काळा धूर व वाढलेली उष्णता. म्हणून आधी व्हॉल्व्हमधील फट, मग इंजेक्टर, त्यानंतर इंधन सोडण्याची वेळ, असा क्रम पाळावा. शक्ती वाढविण्यासाठी पंपाचा मोहोरबंद स्क्रू फिरवू नये. रेडिएटर मोठा असूनही पंख्याभोवती आवरण नसेल, तर चढावर पाणी उकळू शकते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, उताराचा. पेट्रोल इंजिनात पाय काढताच झडप मिटते व इंजिन गाडीला मागे ओढते. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. त्यामुळे हा आधार कमी लाभू शकतो. शिवाय निर्वातावर चालणारे वायपर किंवा ब्रेकचे साहाय्यक यंत्र असल्यास त्यांना स्वतंत्र निर्वात-पंप द्यावा लागतो. इंजिन जड असेल तर पुढच्या स्प्रिंगा व ब्रेक तपासून मगच घाट उतरावा.

अखेरीस, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यावा. त्यानंतर जवळच्या चढांवर भारासह चाचणी घ्यावी, इंजिनाचे आधार व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि मगच दूरच्या प्रवासास निघावे.