छताच्या दिव्याची जोडणी : बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे १९७१ साली औष्णिक वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. त्याच तालुक्यातील सिरसाळा व भोवतालच्या गावांत आज वीज ही नित्याची गरज झाली आहे. परंतु वीज घरात आली म्हणून तिच्याविषयीची जाण आपोआप येत नाही. छताला टांगलेल्या दिव्याचा होल्डर जळतो किंवा सीलिंग रोज तडकते. घरातील कर्ता माणूस बटण बंद करून स्टुलावर चढतो. काम दहा मिनिटांचे असते. मात्र त्यातील एक चूक जिवावर बेतू शकते.

नियमाची मर्यादा

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमानुसार वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणे आवश्यक होते. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे व तत्सम घरगुती साधने बदलण्यास त्यातून सूट होती. मात्र त्यामुळे मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये, अशी अट होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हीच तरतूद राहिली. जुन्या जागी त्याच प्रकारचा नवा होल्डर बसविणे या सवलतीत येते. नवा पॉइंट काढणे, तार लांबविणे किंवा दिव्याच्या जागी जड पंखा टांगणे ही कामे मात्र जाणत्या वायरमनचीच होत.

धोका कोठे असतो?

घरातील पुरवठा २३० व्होल्टचा असतो. बटण नेहमी फेजच्या तारेत असावे, असा संकेत आहे. परंतु कित्येक जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलमध्ये जोडलेले आढळते. अशा ठिकाणी बटण बंद केल्यावर दिवा विझतो, तरी होल्डरपर्यंत फेज पोहोचलेलीच असते. काही सीलिंग रोजमध्ये तिसरा स्क्रू असून त्यावर पुढील पॉइंटकडे जाणारी सततची फेज असते. तेथे बटण योग्य जागी असूनही धोका टळत नाही.

फ्यूज माणसाचे रक्षण करील, हाही भ्रमच होय. १०० वॅटचा जुना बल्ब सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह घेतो. छातीतून जाणारा याहून कितीतरी कमी, म्हणजे काही दशांश नव्हे तर काही शतांश अँपिअरचा प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. ५ अँपिअरचा फ्यूज एवढ्याशा प्रवाहाने वितळत नाही; तो तारांना आगीपासून वाचविण्यासाठी असतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे साधन बसवून घेणे श्रेयस्कर.

कामाचा क्रम

१. चालू प्लगवर टेस्टर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी. नंतर मेन स्विच बंद करावा. किट-कॅट फ्यूज असल्यास काढून खिशात ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी तो बसविणार नाही. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. केवळ मेन बंद केल्याने त्याची वीज थांबत नाही.

२. भारनियमनामुळे वीज गेली आहे, एवढ्या भरवशावर काम सुरू करू नये. ती कोणत्या क्षणी परत येईल, हे सांगता येत नाही.

३. झाकण उघडून प्रत्येक तारेला टेस्टर लावावा. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना टेस्टरचा उजेड मंद दिसतो, म्हणून घाई करू नये. कोणत्या स्क्रूवर कोणती तार होती, याची खूण दोऱ्याने करून मगच तारा सोडवाव्यात. जुन्या मांडणीत तारेच्या रंगावर विसंबणे धोक्याचे असते.

४. जळकी, काळी पडलेली टोके कापून टाकावीत. आच्छादन स्क्रूपुरतेच सोलावे. तांब्याचे धागे घट्ट पिळून स्क्रू आवळण्याच्या दिशेने गुंडाळावेत. एकही धागा बाहेर राहू नये. सैल जोड तापतो आणि होल्डर पुन्हा जळतो.

५. टांगत्या दिव्याचा भार स्क्रूंवर पडू नये, यासाठी झाकणाच्या आत वायरला गाठ द्यावी. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकास जोडावी. साधन धातूचे असल्यास हिरवी अर्थिंगची तार जोडणे अनिवार्य आहे. ती तार नसेल तर धातूऐवजी प्लॅस्टिकचे वा बेकेलाइटचे साधन निवडावे.

६. सर्व झाकणे बसवूनच मेन सुरू करावा. बटण बंद असतानाही एलईडी दिवा मंद तेवत राहिला, तर बटण न्यूट्रलमध्ये असल्याची शंका घ्यावी व वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.

माळवदाच्या घरांत विशेष दक्षता

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत दिवा लाकडी सरास वा फळीस लावलेला असतो. पावसाळ्यात माती झिरपते आणि लाकूड ओल धरते. ओल्या लाकडावरील उघडा जोड धक्का देऊ शकतो. सैल जोडाची ठिणगी सुक्या लाकडास पेटवू शकते. छत गळत असेल तर आधी गळती थांबवावी, मग दिवा लावावा.

गावाने काय करावे?

धक्का बसून तारेस चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये. प्रथम मेन बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, ठाऊक असली पाहिजे. शिक्षकांनी मेन स्विच कसा बंद करावा याचा पाठ शाळेतच द्यावा. ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी व समाजमंदिर येथील छताचे दिवे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत आणि परवानाधारक वायरमनचे नाव फलकावर लावावे. हाताशी जाणता माणूस आहे हे माहीत असले, म्हणजे अर्धवट ज्ञानावर कोणी स्टुलावर चढणार नाही.