जुना ईसीजी घरच्या डिस्कमध्ये अडकतो तेव्हा

ईसीजीची ताजी पट्टी माझ्या हातात होती आणि तिच्यात लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा अडथळा, स्पष्ट दिसत होता. आजींचं वय ७१, छातीत सकाळपासून जड वाटतंय अशी तक्रार. अशा वेळी आम्हाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे जुना ईसीजी. हा ब्लॉक काही वर्षांपासून असेल तर एक विचार, आज नव्याने आला असेल तर दुसरा. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, सगळे रिपोर्ट स्कॅन करून घरच्या डब्ब्यात ठेवले आहेत." त्याने घरी फोन लावला. सूनबाईंचा आवाज आला, "अहो, उघडूनच नाही राहिलं. नेटवर्क सापडत नाही म्हणते."

आम्ही थांबलो नाही. आजींना दाखल केलं, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली. संध्याकाळी जुना ईसीजी मिळाला. २०१९ चा, अगदी हुबेहूब तसाच. ट्रोपोनिनही दोन्ही वेळा ठीक आलं. पण त्या घरातल्या माणसांनी जी धास्तीची दुपार काढली ती टळली असती, म्हणून आज या सदरात औषधांऐवजी त्या डब्याबद्दल लिहितो आहे.

नागपुरात आता कितीतरी घरांत असा डबा आहे. राउटरला जोडलेली हार्ड डिस्क, किंवा दोन डिस्कांचं नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, आईवडील त्रिमूर्तीनगरात, आणि सगळ्यांचे फोटो, कागद, रिपोर्ट एका ठिकाणी. ही सवय चांगलीच आहे. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. लोखंडी कपाटात आपला उन्हाळा काढला की दोन-चार वर्षांत त्यावरच्या रेघा फिकट होऊन जातात. मला पांढऱ्याफटक पट्ट्या जपून आणून दाखवणारी माणसं दर महिन्याला भेटतात. तेव्हा स्कॅन कराच. फक्त तो डबा उघडला नाही तर काय करायचं, हे घरात किमान दोघांना ठाऊक हवं.

पहिला प्रश्न मी रुग्णाला विचारतो तोच विचारा : त्रास सगळीकडे आहे की एकाच जागी? मोबाइलवर डबा उघडतो आणि कॉम्प्युटरवर उघडत नाही, तर डबा ठणठणीत आहे, बिघाड कॉम्प्युटरकडे शोधा. कुठेच उघडत नसेल तर डब्याचा दिवा, वायर आणि राउटर बघा. मग दुसरा प्रश्न : काल-परवात काय बदललं? लाईट गेली होती का? नवा राउटर आला का? कॉम्प्युटरने रात्री अपडेट घेतलं का?

आजींच्या घरी लाईट गेली होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. लाईट परत आल्यावर राउटरने डब्याला वेगळा पत्ता दिला आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर थाप मारत बसला. यावर उपाय सोपा आहे. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथून नवा पत्ता घ्या. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन तो लिहा. उघडलं, तर राउटरमध्ये तो पत्ता त्या डब्यासाठी कायमचा राखून ठेवा. डब्याला सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढी उसंत त्याला द्या. आणि मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर नाही ना, हेही बघा. तिथून घरातली यंत्रं सहसा दिसत नाहीत.

पासवर्ड पुन्हापुन्हा मागत असेल तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर उघडायचा पिन तिथे टाकला जात असतो. तो चालत नाही. डब्यावर तयार केलेलं नाव आणि पासवर्डच लागतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठून राहिला असेल तर तो काढून टाका.

विंडोजच्या अपडेटनंतर जुना डबा दिसेनासा झाला, ही तक्रार मी दवाखान्यातल्या मुलांकडूनही ऐकतो. जुने डबे एसएमबी या फाइल-देवघेवीच्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत बोलतात आणि २०१७ पासून विंडोज ती आपणहून बसवत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर त्याहून कडक आहे. पासवर्डाशिवाय चालणाऱ्या कित्येक डब्यांना ती दाराबाहेर ठेवते. ओळखीचा कुणी म्हणेल, जुनी आवृत्ती सुरू करून टाका, झालं. कृपा करून करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच फटीतून पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. डॉक्टर मंडळींना रुग्णांचे कागद दिसेनात. डब्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, आणि कंपनी ते देत नसेल तर डबा बदला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. डब्यातून टक-टक आवाज येऊ लागला, किंवा 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं गेलं, तर 'नाही' म्हणा, डबा बंद करा आणि माहितगाराला बोलवा. पुन्हापुन्हा चालू-बंद केल्याने वाचू शकणारा डेटाही जातो.

डबा कुठे ठेवता तेही बघा. साध्या हार्ड डिस्कला बहुतेक कंपन्या ६० अंशांची मर्यादा घालून देतात. मे महिन्यात बाहेर ४५, गच्चीखालची खोली, आणि डबा बंद कपाटात, मग आत काय होत असेल? खालच्या मजल्यावर, मोकळ्या हवेत ठेवा. पण कूलरच्या झोतासमोर नको; ती हवा दमट असते. छोटा यूपीएस लावा, डबा आणि राउटर दोन्ही त्यावर.

दोन डिस्का एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून निर्धास्त राहू नका. एकीवरून पुसलेलं दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, तिची वायर काढून ठेवा, जमलं तर दुसऱ्या गावच्या मुलाकडे द्या. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ आकडी क्रमांक काढला असेल तर नवे रिपोर्ट त्याला जोडता येतात, पण कपाटातले जुने कागद तिथे आपोआप जाणार नाहीत. एमआरआयची सीडी मिळाली तर एखाददुसरं चित्र न घेता अख्खं फोल्डर उतरवा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग माणसाचं नाव. म्हणजे क्रिॲटिनिन तीन वर्षांत कसं चढत गेलं ते मला एका नजरेत दिसतं.

आणि पाच गोष्टी डब्यावर सोडूच नका. शेवटचा ईसीजी, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, ॲलर्जी, रक्तगट. त्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या आणि छापील प्रत औषधांच्या डब्यात. आजींच्या सुनेने आता फ्रिजच्या दारावरच पाकीट लावलं आहे.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, अशा वेळी राउटरकडे वळू नका. १०८ ला फोन करा, निघा. रिपोर्ट मागाहून कुणी पाठवेल. तोवर आम्ही उपचार सुरू केलेले असतील.