श्वेडगोनची घंटा

यांगून हे म्यानमार देशातील सर्वांत मोठे शहर. पूर्वी हा देश ब्रह्मदेश या नावाने आणि हे शहर रंगून या नावाने ओळखले जाई. जुन्या काळी समुद्रमार्गे येणारे जहाज नदीत शिरले, की प्रवाशांना शहर दिसण्यापूर्वीच क्षितिजावर एक सोनेरी ठिपका चमकताना दिसे. जहाज जसजसे पुढे सरके, तसतसा तो ठिपका मोठा होई आणि अखेर त्याला एका उंच, निमुळत्या सुवर्णशिखराचे रूप येई. हाच जगप्रसिद्ध श्वेडगोन पॅगोडा होय. ‘श्वे’ म्हणजे सोने आणि ‘डगोन’ हे या स्थानाचे जुने नाव.

हा पॅगोडा सिंगुत्तर नावाच्या टेकडीवर उभा आहे. टेकडीवर जाण्यासाठी चार दिशांना चार जिने आहेत. प्रत्येक जिन्याच्या पायथ्याशी सिंहासारखे दिसणारे दोन प्रचंड रक्षक बसलेले आहेत. येथेच यात्रेकरू पायांतील जोडे काढून ठेवतात. राजा असो वा रंक, या टेकडीवर अनवाणीच चढावे लागते. जिन्यावर छप्पर असल्याने ऊन-पावसाचा त्रास होत नाही. दोहों बाजूंच्या दुकानांतून फुले, मेणबत्त्या, उदबत्त्या आणि कागदाच्या चिमुकल्या छत्र्या विकावयास ठेवलेल्या असतात.

जिना चढून वर आल्यावर यात्रेकरूचे डोळे दिपून जातात. संगमरवरी फरसबंदीच्या विस्तीर्ण प्रांगणात मध्यभागी तो सुवर्णस्तूप आकाशात झेपावलेला दिसतो. त्याची उंची शंभर मीटरांच्या आसपास आहे. त्याच्या पायथ्याभोवती ६४ लहान स्तूपांची माळ आहे. हा स्तूप भरीव असल्यामुळे त्याच्या आत कोणालाही जाता येत नाही. भक्त त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा घालतात. खालून वर पाहत गेले म्हणजे त्याचे एकेक अंग लक्षात येते. प्रथम पायऱ्यापायऱ्यांचे जोते, त्यावर घंटेचा आकार, त्यावर उपडे ठेवलेले भिक्षापात्र, मग कमळाच्या पाकळ्या आणि त्यांवर केळफूल. सर्वांत वर रत्नजडित छत्र आहे. त्याला टांगलेल्या लहान लहान घंटा वाऱ्याच्या झुळकेबरोबर किणकिणतात. मुंबईजवळ गोराई येथील विपश्यना पॅगोडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही आकृती ओळखीची वाटेल. कारण तो याच पॅगोड्याच्या नमुन्यावर बांधलेला आहे. मात्र तो आतून पोकळ असून त्यात बसून ध्यान करता येते.

प्रांगणात स्तूपाभोवती आठ दिशांना आठ छोटी पूजास्थाने आहेत. ब्रह्मी परंपरेत आठवड्याचे वार आठ मानले जातात. कारण बुधवारची सकाळ आणि बुधवारची दुपार असे दोन भाग करतात. प्रत्येक वाराची एक दिशा व एक प्राणी ठरलेला आहे. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग. ज्याचा जन्म ज्या वारी झाला असेल, तो त्या स्थानी जाऊन तेथील बुद्धमूर्तीवर पेल्याने पाणी घालतो. त्यामुळे लहान मुलालाही या विशाल प्रांगणात आपली अशी एक जागा असते.

हा स्तूप कोणी बांधला? याविषयी एक आख्यायिका सांगतात. तपुस्स आणि भल्लिक नावाच्या दोन व्यापारी बंधूंनी बोधगयेजवळ भगवान बुद्धांना अन्नदान केले. बुद्धांनी त्यांना आपले आठ केस दिले व ते त्यांनी आणून या टेकडीवर जतन केले. संशोधकांच्या मते मात्र मूळ स्तूप इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान मोन लोकांनी बांधला असावा. पुढे अनेक राजांनी तो वाढवला. पंधराव्या शतकात शिन्सोबू नावाच्या राणीने टेकडी तासून प्रांगण सपाट केले आणि स्वतःच्या वजनाइतके सोने स्तूपाला मढवण्यासाठी दिले. १७६८ साली भूकंपाने शिखर कोसळले, तेव्हा ते पुन्हा उभारण्यात आले. पॅगोडा पडला म्हणून लोक कधी हताश झाले नाहीत. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला.

परंतु या पॅगोड्याची खरी ओळख सोन्यापेक्षा एका घंटेच्या कथेतून अधिक चांगली होते.

राणी शिन्सोबूचा वारस राजा धम्मचेती याने १४८४ साली एक महाकाय घंटा ओतवून पॅगोड्याला अर्पण केली. तिचे वजन सुमारे ३०० टन होते, असे परंपरा सांगते. १६०८ साली फिलिप द ब्रिटो नावाच्या पोर्तुगीज सरदाराने ती पळवली. ती वितळवून तिच्या तोफा ओताव्यात, असा त्याचा बेत होता. परंतु नदीतून नेत असता घंटेच्या भाराने तराफा बुडाला व घंटा गाळात रुतली. अनेकांनी शोध घेतला, पण ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

पुढे सिंगू राजाने दुसरी घंटा अर्पण केली. १७७९ साली ओतलेल्या या घंटेला ‘महागंधा’ म्हणतात. तिचे वजन सुमारे २३ टन आहे. १८२४ साली इंग्रज आणि ब्रह्मी यांच्यात युद्ध पेटले. इंग्रजांनी रंगून जिंकले व या पवित्र टेकडीवरच आपली छावणी केली. १८२५ साली त्यांनी महागंधा घंटा कलकत्त्यास नेण्याचा घाट घातला. तेव्हाही तेच घडले. घंटा नदीत पडली आणि तळाशी गेली. इंग्रजांनी ती वर काढण्याचे प्रयत्न केले, परंतु त्यांना यश आले नाही.

त्या वेळी रंगूनचे रहिवासी पुढे आले. घंटा आम्ही वर काढतो, मात्र ती निघाल्यास पॅगोड्याला परत मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. हे काम या लोकांच्या हातून होणार नाही, अशा खात्रीने इंग्रजांनी होकार दिला.

या लोकांजवळ ना मोठी जहाजे होती, ना यंत्रे. त्यांच्याजवळ बांबू होते. बांबूच्या प्रत्येक पेरात हवा कोंडलेली असते. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो आणि पाण्याखाली दाबून धरल्यास वर येण्याची धडपड करतो. एका बांबूचे बळ ते किती! पण पाणबुडे पुन्हा पुन्हा नदीत उतरत राहिले आणि घंटेला एकामागून एक बांबू बांधत राहिले. दहा झाले, वीस झाले, शंभर झाले, तरी घंटा हलेना. शेकडो बांबू बांधून झाल्यावर मात्र गाळात रुतलेली ती अवजड घंटा हळूहळू तळापासून सुटली आणि पाण्यावर आली, असे सांगतात. दिलेल्या शब्दानुसार ती पुन्हा टेकडीवर नेण्यात आली.

१८५२ च्या दुसऱ्या युद्धानंतर तर टेकडीवर इंग्रज सैन्याचा तळच पडला. तो १९२९ सालापर्यंत होता. तरीही भक्तांचे येणे थांबले नाही. १८७१ साली मंडालेच्या मिंडोन राजाने परकीयांच्या अमलाखालील या पॅगोड्यासाठी नवे रत्नजडित छत्र पाठवले. पुढे १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला.

महागंधा घंटा आजही प्रांगणाच्या एका कोपऱ्यातील मंडपात टांगलेली आहे. दिवस कलला, की काही स्त्री-पुरुष हातांत झाडू घेऊन एका ओळीत उभे राहतात आणि प्रांगण झाडत पुढे सरकतात. त्यासाठी कोणी त्यांना वेतन देत नाही. राणीने सोने दिले. हे लोक आपले श्रम देतात. मावळत्या उन्हात शिखर लालसर दिसू लागते. प्रार्थना आटोपून एखादा यात्रेकरू घंटेजवळ येतो आणि लाकडी दांडक्याने तिच्यावर टोले देतो. आपल्या पुण्याचा वाटा सर्व प्राणिमात्रांना मिळावा, असा त्या टोल्यांचा अर्थ असतो. एकेकाळी नदीच्या तळाशी मूक होऊन पडलेल्या घंटेचा गंभीर नाद मग टेकडीवरून शहरावर पसरत जातो.

स्वाध्याय

१. श्वेडगोन स्तूपाची अंगे खालून वर क्रमाने सांगा.
२. धम्मचेती राजाची घंटा आणि महागंधा घंटा यांच्या कथांत साम्य कोणते व फरक कोणता?
३. घंटा परत देण्याची अट इंग्रजांनी का मान्य केली?
४. ‘राणीने सोने दिले, हे लोक आपले श्रम देतात.’ या वाक्याचा भाव स्वतःच्या शब्दांत लिहा.