चैत्रातील परसबाग

माघात लावलेल्या परसबागेची खरी कसोटी चैत्रात लागते. विहिरी तळ गाठू लागतात, बाजारात पालेभाजी महागते आणि मुलांच्या ताटातील हिरवा घास नेमका याच दिवसांत नाहीसा होतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत परसबाग टिकते ती सांडपाण्यावर. न्हाणीचे पाणी केळी, अळू व शेवग्याच्या आळ्यांत सोडावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र नको. त्याने जमीन चोपण होते.

भेंडी एक दिवसाआड तोडावी. शेंगा जून होऊ दिल्यास झाडाचा बहर मंदावतो. गवार व चवळी उन्हाला सहसा दाद देत नाहीत. वेलभाज्यांची तक्रार निराळी : फुले भरपूर, फळ नाही. कडक उन्हाळ्यात नरफुले अधिक येतात, हे त्याचे एक कारण. मधमाश्यांची वाण हे दुसरे. मादीफुलाच्या तळाशी इवलेसे फळ असते, यावरून ते ओळखावे. नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावा. काकडी व कारल्यासाठी हे काम सकाळी करावे. दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात, तेथे दिवेलागणीची वेळ साधावी. शाळेच्या बागेत हा पाठ पुस्तकापेक्षा लवकर उमगतो.

फळमाशीने डागाळलेली कारली खोल पुरावीत. लिंबू व पपईच्या आळ्यांत बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पाचट पसरावे. रोपाशेजारी मडके पुरून भरून ठेवल्यास पाणी झिरपत राहते; वर्षानुवर्षे वापरलेल्या माठाची छिद्रे बुजलेली असतात, तो घेऊ नये.