नागरिकत्वाचा अर्ज ‘अपात्र’ ठरला तर?



आपल्या लकडगंजापासून जरीपटका फार दूर नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ती वस्ती उभी केली. पुढेही पाकिस्तानातून कुटुंबे येत राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्र सरकारने देशातील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत नागपूरही होते. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊ या.

दोन तारखा

२०१९ चा नागरिकत्व सुधारणा कायदा पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठी आहे. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. अट अशी, की ती व्यक्ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेली असावी.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याखालील आदेशाने, छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच समाजांच्या लोकांना पासपोर्ट व व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली. ही सूट राहण्यापुरती आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच राहिली. येथेच अनेकांची गफलत होते.

आपण कोणत्या अर्थाने अपात्र?

१. कागद अपुरे असतील तर: मूळ देशाचा पुरावा, येथे आल्याच्या तारखेचा पुरावा आणि स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचा धर्मविषयक दाखला लागतो. मुदत संपलेला कागदही चालतो. शपथेसाठी बोलावणे आल्यास जिल्हा समितीपुढे स्वतः हजर राहावे. वारंवार संधी देऊनही कोणी गेले नाही, तर अर्ज नाकारण्यासाठी पुढे पाठवला जातो. कोणावर बेकायदा वास्तव्याचा खटला चालू असेल, तर तेवढ्या कारणाने अर्ज नाकारता येत नाही.

२. पात्र असूनही नकार मिळाला तर: नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ नुसार ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. उशिराला सबळ कारण असेल तर तेही ऐकले जाऊ शकते. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार आहे. म्हणून नकाराचे पत्र हाती पडताच तारीख लिहून ठेवावी व वकिलाला गाठावे.

३. कायद्यातच जागा नसेल तर: २०१४ नंतर आलेल्यांची, तसेच श्रीलंकेचे तमिळ, रोहिंग्या व अहमदिया यांची गोष्ट अशी आहे. यांच्या बाबतीत फेरतपासणीने तारीख किंवा यादी बदलत नाही. वैध व्हिसावर आलेल्यांनी दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन नेहमीच्या नोंदणीच्या वाटेने जाता येईल का, हे विचारावे. यादीलाच आव्हान देणाऱ्या याचिका डिसेंबर २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. त्यांचा मुख्य आधार समानतेचे कलम १४ आहे. आणि जीविताचे रक्षण करणारे कलम २१ तर नागरिक नसलेल्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितले आहे.

आपले काम

आपल्यापैकी कोणाकडे दाखल्यासाठी विनंती आली, तर जे खरे आहे तेवढेच लिहून द्यावे. दयेपोटी घातलेली खोटी तारीख त्याच कुटुंबाला पुढे अडचणीत आणते. खरी मदत म्हणजे कागद शोधून देणे, अर्ज भरायला बसणे, कचेरीत सोबत जाणे.

हेरोदाच्या भीतीने पवित्र कुटुंब इजिप्तला गेले. तेथे त्यांना कोणीतरी थारा दिलाच असेल. कायद्याच्या यादीत ख्रिस्ती लोकांचे नाव आहे म्हणून आपण निश्चिंत राहावे काय?

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कागदांविना राहणारे कोणी आहे का?
२. यादीत नाव नसलेल्या शेजाऱ्यासाठी आपण काय करू शकतो?